परवानाधारक उपशाखा आणि मालिकेचे सदस्यत्व : सीडी-आय यंत्रावरील झेल्डा खेळांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

व्हिडिओ गेम हा विषय आपल्याकडील इतिहासलेखनाच्या कक्षेत अद्याप फारसा आलेला नाही. चित्रपट, नाटक, वृत्तपत्रे यांचा इतिहास लिहिला जातो. खेळांच्या बाबतीत मात्र 'मुलांचा विरंगुळा' या एका शेऱ्यावर विषय संपविला जातो. वस्तुतः १९७० नंतरच्या अर्धशतकात या माध्यमाने स्वतःच्या परंपरा, वंशावळी आणि वाद निर्माण केले आहेत. त्यांतील एका वादाचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. एखाद्या मालिकेच्या मालकाने रीतसर परवाना दिला, त्या परवान्यानुसार दुसऱ्या कंपनीने त्याच पात्रांवर खेळ तयार केला, आणि तो खेळ लोकांच्या पसंतीस उतरला नाही, तर तो त्या मालिकेचा भाग मानावयाचा किंवा नाही?

हा प्रश्न वरवर पाहता चाहत्यांच्या हौसेचा वाटतो. परंतु मालिकेत काय मोजावयाचे हे ठरल्याशिवाय त्या मालिकेविषयी 'प्रथम', 'एकमेव', 'आजवर कधीही नाही' अशी कोणतीही विधाने करता येत नाहीत, आणि इतिहासाचा बराचसा व्यवहार अशाच विधानांवर चालतो. चर्चेसाठी जपानच्या निंटेंडो कंपनीची 'द लेजंड ऑफ झेल्डा' ही मालिका आणि तिच्या नावाने फिलिप्स कंपनीच्या सीडी-आय यंत्रावर निघालेले तीन खेळ निवडले आहेत. या वादाचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे आढळत नाही.

करारातून उरलेला परवाना

झेल्डा मालिकेचा पहिला खेळ २१ फेब्रुवारी १९८६ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे प्रमुख कर्ते. लिंक नावाचा तरुण, हायरूल हे राज्य, झेल्डा ही राजकन्या आणि गॅनन हा शत्रू अशी त्याची चौकट होती. १९८७ मध्ये दुसरा आणि १९९१ मध्ये तिसरा खेळ आला. या काळात निंटेंडोचे सर्व खेळ प्रामुख्याने कार्ट्रिजवर निघत असत. सीडी हे माध्यम स्वस्त होते आणि त्यात माहिती कितीतरी पटीने अधिक मावत असे. म्हणून १९८८ मध्ये निंटेंडोने सोनी कंपनीशी करार करून आपल्या नव्या यंत्राला सीडीची जोड देण्याचे ठरविले. मात्र त्या करारान्वये सीडीवरील खेळांच्या परवान्यांवर सोनीचे मोठे नियंत्रण येणार होते, आणि ते निंटेंडोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना मानवणारे नव्हते.

जून १९९१ मध्ये शिकागो येथे भरलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात सोनीने आपल्या या संयुक्त यंत्राची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी निंटेंडोने त्याच प्रदर्शनात जाहीर केले की सीडीसाठी आपण हॉलंडच्या फिलिप्स कंपनीबरोबर काम करणार आहोत. दुखावलेल्या सोनीने पुढे स्वतंत्रपणे खेळयंत्र तयार केले आणि ३ डिसेंबर १९९४ रोजी 'प्लेस्टेशन' जपानच्या बाजारात आणले. त्याचा परिणाम सर्वश्रुत आहे. फिलिप्सबरोबरची योजनाही तडीस गेली नाही. निंटेंडोचे सीडी-जोडयंत्र कधीच विक्रीस आले नाही. तथापि या व्यवहारातून एक गोष्ट शिल्लक राहिली. निंटेंडोची काही पात्रे आपल्या सीडी-आय यंत्रावरील खेळांत वापरण्याचा हक्क फिलिप्सला मिळाला. आपण ज्या खेळांची चर्चा करीत आहोत ते या उरलेल्या हक्काचे अपत्य होय. मारिओच्या वाट्याला यातून १९९४ चा 'हॉटेल मारिओ' आला. हॉटेलांचे दरवाजे लावीत फिरण्याचा हा खेळ आहे. त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

सीडी-आय हे मुळात खेळांसाठी बनविलेले यंत्र नव्हते. ज्ञानकोश, सहलींची माहिती, संगीत, चित्रे हे सारे घरच्या दूरचित्रवाणी संचावर पाहता यावे, असा त्यामागील हेतू होता. पडद्यावर अनेक आकृती जलद हलविण्यासाठी खेळयंत्रांत जी खास सोय असते ती त्यात नव्हती. त्याचा नियंत्रक दूरचित्रवाणीच्या रिमोटसारखा, मोजक्या बटणांचा होता.

अशा यंत्रासाठी 'लिंक : द फेसेस ऑफ ईव्हल' आणि 'झेल्डा : द वाँड ऑफ गॅमेलॉन' हे दोन खेळ अमेरिकेतील अ‍ॅनिमेशन मॅजिक या संस्थेने तयार केले. डेल देशारोन हे त्यांचे प्रमुख होते. त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितल्याप्रमाणे प्रत्येक खेळासाठी सुमारे सहा लाख डॉलर एवढीच रक्कम उपलब्ध होती, दोन्ही खेळ एकाच तांत्रिक पायावर उभे करावे लागले, आणि निंटेंडोचा सहभाग प्रामुख्याने पात्रांच्या रूपापुरता मर्यादित होता. कथेच्या मध्ये येणारी चलतचित्रे रशियातून अमेरिकेत आणलेल्या चित्रकारांनी काढली. सोव्हिएत संघ नुकताच विसर्जित झालेला होता. हायरूलच्या राजाचा चेहरा अमेरिकेत बसून रशियन हातांनी रेखाटला जावा हा त्या काळाचाच एक विशेष म्हणावा लागेल. हे दोन्ही खेळ ऑक्टोबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर व्हिरिडिस या दुसऱ्या संस्थेने 'झेल्डाज अ‍ॅडव्हेंचर' हा तिसरा खेळ केला. त्यात प्रत्यक्ष नटांचे आणि निसर्गस्थळांचे चित्रण वापरले होते.

लोकमत आणि त्याची चंचलता

या खेळांतील उणिवा नाकारण्याचे कारण नाही. पार्श्वभूमीच्या रंगविलेल्या चित्रात कोठे पाय टेकवता येतो आणि कोठे नाही हे अनेकदा उमगत नाही. बटणे अपुरी असल्याने दिवा, दोर किंवा बाँब यांसारखी वस्तू निवडण्यासाठी पात्राला खाली बसवून बटण दाबावे लागते. शत्रूवर केलेला वार लागला की चुकला याचा भरवसा नसतो. तिसऱ्या खेळात एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात जाताना यंत्र रेंगाळते. मालिकेतील मूळ खेळांशी ज्याचा परिचय आहे त्याला हा फरक पहिल्या पाच मिनिटांत जाणवतो.

असे असूनही, प्रसिद्धीच्या काळात या खेळांवरील अभिप्राय संमिश्र होते. सीडीवरील पूर्ण चलतचित्रांचे त्या वेळी काही परीक्षकांनी कौतुकही केले होते. 'झेल्डाच्या नावाला लागलेला डाग' ही त्यांची ख्याती नंतरची आहे. २००५ नंतर यूट्यूबवर या चलतचित्रांची मोडतोड करून विनोदी फिती तयार करण्याची लाट आली आणि ज्यांनी सीडी-आय यंत्र कधी डोळ्यांनीही पाहिले नव्हते अशा एका पिढीला राजाचे आणि दुकानदाराचे संवाद तोंडपाठ झाले. ज्या खेळांना मालिकेबाहेर काढावे असे म्हटले जाते, त्यांतीलच काही दृश्ये मालिकेतील अनेक मान्यवर खेळांहून अधिक लोकांनी पाहिली असावीत असा प्रस्तुत लेखकाचा कयास आहे.

या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लोकांची पसंती ही काळानुसार बदलणारी गोष्ट आहे. ती जर सदस्यत्वाची कसोटी मानली तर एखादा खेळ १९९३ मध्ये मालिकेत होता, २००६ मध्ये बाहेर गेला आणि पुढे अभिरुची बदलल्यास परत येईल, असे मानावे लागेल. नापसंती हा परीक्षणाचा निष्कर्ष होय. तो नोंदवहीतील नाव खोडण्याचा आधार होऊ शकत नाही. नालायक निघालेल्या राजाला आपण वंशावळीतून वगळत नाही, उलट त्याच्याविषयी चार ओळी अधिक लिहितो.

अन्य कसोट्या

नापसंतीचे कारण उघडपणे पुढे करणारे अभ्यासक थोडे. बहुतेकजण दुसऱ्या कसोट्या सांगतात, आणि त्यांचा विचार करणे भाग आहे.

पहिली कसोटी कर्त्याची. हे खेळ निंटेंडोने केले नाहीत, सबब ते मालिकेतील नव्हेत, असा हा युक्तिवाद आहे. परंतु २००१ मधील 'ओरॅकल ऑफ सीझन्स' आणि 'ओरॅकल ऑफ एजेस' हे दोन खेळ, तसेच २००४ चा 'द मिनिश कॅप', हे कॅपकॉम या दुसऱ्याच कंपनीकडील मंडळींनी केले आहेत. त्यांचे सदस्यत्व कोणी नाकारीत नाही. यावर असे उत्तर दिले जाते की तेथे निंटेंडोची देखरेख होती. उत्तर रास्त आहे. मात्र त्यातून निष्पन्न होते ते एवढेच की देखरेखीचे प्रमाण कमीअधिक असते. किती देखरेख झाली म्हणजे खेळ घरचा ठरतो याची सीमा कोणी सांगितलेली नाही.

दुसरी कसोटी आशयाची, आणि ती या वादातील सर्वांत मनोरंजक आहे. सीडी-आयवरील खेळांत कोरिदाई आणि गॅमेलॉन ही अपरिचित बेटे आहेत, बोलघेवडा राजा आहे, उडत्या गालिच्यावरून येणारा ग्वोनाम आहे. हे झेल्डाचे जग नव्हे, असे म्हणतात. आता त्याच वर्षीचा, १९९३ चाच, निंटेंडोने स्वतः केलेला 'लिंक्स अवेकनिंग' हा खेळ पाहावा. तो कोहोलिंट या अपरिचित बेटावर घडतो. त्यात हायरूल नाही. झेल्डा राजकन्येचा केवळ ओझरता उल्लेख येतो. मारिओच्या जगातील शत्रू मात्र त्यात खुशाल वावरतात. तरीही हा खेळ मालिकेतील उत्कृष्ट खेळांत गणला जातो, आणि ते योग्यच आहे. उलट सीडी-आयवरील खेळांत लिंक आहे, झेल्डा आहे, गॅनन आहे, इंपा आहे. दोन्ही खेळ शेजारी ठेवून केवळ आशयाच्या आधारे निवाडा करावयाचा झाल्यास निकाल अनपेक्षित लागेल! याचा अर्थ आशयाची कसोटी निरुपयोगी आहे असा नव्हे. ती आपल्याला हवे तेथेच लावली जाते, एवढाच माझा आक्षेप आहे.

तिसरी कसोटी मालकाच्या घोषणेची. डिसेंबर २०११ मध्ये, मालिकेच्या पंचविसाव्या वर्षी, जपानमध्ये 'हायरूल हिस्टोरिया' हा ग्रंथ प्रकाशित झाला. त्यात सर्व मान्य खेळांचा कालानुक्रम प्रथमच विस्ताराने छापला गेला. सीडी-आयवरील खेळ त्यात नाहीत. चाहत्यांच्या दृष्टीने येथे वाद मिटला. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला या साधनाकडे इतर कोणत्याही दरबारी साधनाकडे पाहावे तसेच पाहावे लागते. हा ग्रंथ पहिल्या खेळानंतर पंचवीस वर्षांनी सिद्ध झाला. त्यापूर्वीचा प्रत्येक खेळ करताना कर्त्यांसमोर नेमका हाच आराखडा होता असे गृहीत धरता येत नाही. त्यातील क्रमही स्थिर राहिलेला नाही. 'लिंक्स अवेकनिंग' आणि 'ओरॅकल' खेळ यांची जागा कंपनीने पुढे बदलली. शिवाय जपानमध्ये १९९५ पासून उपग्रहाद्वारे प्रक्षेपित झालेले झेल्डा खेळ हे तर निंटेंडोच्याच व्यवस्थेतील. तेही या क्रमात नाहीत. म्हणजे क्रमात नसणे आणि मालिकेत नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत हे मालकाच्या स्वतःच्या व्यवहारावरूनच दिसते. २०१४ मधील 'हायरूल वॉरियर्स' हा कोएई टेक्मो कंपनीने केलेला लढाईचा खेळ मूळ कथाक्रमाबाहेर ठेवूनही निंटेंडोने अभिमानाने मिरविला. तो लोकांना आवडला होता.

मालकाच्या शब्दाला केवढे सामर्थ्य असते याचे उदाहरण मारिओच्या मालिकेत सापडते. १९८७ मध्ये जपानमध्ये फुजी दूरचित्रवाणीच्या एका महोत्सवाच्या निमित्ताने 'डोकी डोकी पॅनिक' नावाचा खेळ निघाला. त्यात मारिओचा मागमूस नव्हता. पुढील वर्षी त्यातील पात्रांच्या जागी मारिओ आणि त्याचे सोबती घालून तोच खेळ अमेरिकेत 'सुपर मारिओ ब्रदर्स २' म्हणून विकण्यात आला. आज तो त्या घराण्याचा निःसंशय सदस्य आहे. याला दत्तकविधान म्हणावे. दत्तकाला घरात घ्यावयाचे आणि स्वतःच्या सहीने दिलेल्या परवान्यातून झालेल्याला ओळख दाखवावयाची नाही, हा मालकाचा अधिकार असू शकेल. इतिहासकाराने तो निमूटपणे स्वीकारण्याचे बंधन नाही.

आपल्या वाङ्मयाभ्यासातील 'प्रक्षिप्त' ही संज्ञा येथे काहींना सुचेल. मात्र ती लागू पडत नाही. प्रक्षिप्त म्हणजे दुसऱ्याने मूळ कर्त्याच्या नावाखाली, त्याच्या संमतीवाचून घुसविलेला भाग. येथे संमती होती, करार होता, वेष्टनावर नाव होते. संमतीविना काय होते ते माझ्या पिढीने घरोघरी पाहिले आहे. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील अनेक घरांत जो 'टीव्ही गेम' आला, तो बहुधा निंटेंडोच्या यंत्राची विनापरवाना नक्कल असे आणि त्याच्या कॅसेटवर शेकडो खेळांची खोटी संख्या छापलेली असे. आमचा मारिओ खरा होता आणि परवाना नव्हता. सीडी-आयवर नेमके उलट घडले.

वगळल्याने काय हरवते

येथवरच्या विवेचनातून प्रस्तुत लेखकाचे मत वाचकांच्या लक्षात आले असेल. 'मालिका' आणि 'मान्य कथाक्रम' या दोन संकल्पना वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. कथाक्रम मालकाने ठरवावा. तो त्याच्या कल्पनासृष्टीचा अंतर्गत प्रश्न आहे. मालिका ही मात्र प्रकाशनाच्या इतिहासातील वस्तुस्थिती आहे. ज्याच्या हाती नावाचा हक्क होता त्याच्या संमतीने, त्या नावाने, त्या पात्रांवर जे प्रसिद्ध झाले ते सर्व तिच्यात येते. या अर्थाने सीडी-आयवरील तीनही खेळ झेल्डा मालिकेतील होत. ते दुय्यम आहेत, परवानाधारक आहेत, सदोष आहेत, ही विशेषणे त्यांना जरूर लावावीत. पण विशेषण लावण्यासाठी आधी नाम असावे लागते.

यावर कोणी म्हणेल की तीन जुन्या, फसलेल्या खेळांची नावे यादीत घातल्याने किंवा गाळल्याने काय बिघडणार आहे? याचे उत्तर २०२४ या वर्षाने दिले. सप्टेंबर २०२४ मध्ये निंटेंडोने 'एकोज ऑफ विस्डम' हा खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या दिग्दर्शनात तोमोमी सानो यांचा वाटा होता आणि झेल्डा मालिकेचे दिग्दर्शन करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. या खेळात लिंक हरवतो आणि राजकन्या झेल्डा स्वतः नायिका म्हणून बाहेर पडते. अनेक बातम्यांत व परीक्षणांत असे लिहिले गेले की जिच्या नावाने मालिका ओळखली जाते ती झेल्डा जवळजवळ चार दशकांनंतर प्रथमच नायिका झाली. काहींनी 'सीडी-आयचे खेळ वगळता' अशी पुस्ती जोडली, बहुतेकांनी तीही जोडली नाही.

आता 'द वाँड ऑफ गॅमेलॉन'ची कथा पाहावी. गॅमेलॉनच्या मदतीस गेलेला राजा परतत नाही. त्याच्या शोधार्थ पाठविलेला लिंकही बेपत्ता होतो. तेव्हा झेल्डा तलवार घेऊन इंपासह निघते, गॅननचा पराभव करते, पित्याला सोडविते आणि अखेरीस आरशात अडकलेला लिंक मुक्त होतो. तिसऱ्या खेळातही लिंक बंदिवान आहे आणि झेल्डाच त्याच्या सुटकेसाठी जाते. म्हणजे तीनपैकी दोन खेळांत नायिका झेल्डा आहे, आणि त्यांतील पहिला १९९३ चा आहे. हा खेळ चांगला नव्हता. पण राजकन्येने स्वतः मोहिमेवर जावे आणि नायकाने सुटकेची वाट पाहावी ही कल्पना मालिकेच्या नावाखाली, मालकाच्या परवानगीने, 'एकोज ऑफ विस्डम'च्या एकतीस वर्षे आधी अमलात आली होती. तिला 'वगळता' या एका शब्दात घालणे म्हणजे एका हलाखीच्या अर्थसंकल्पात काम करणाऱ्या मंडळींनी जे केले ते झालेच नाही असे म्हणणे होय. उत्तम कारागिरीने केलेली गोष्टच प्रथम ठरते असा नियम तंत्रज्ञानाच्या इतिहासात नाही, कलेच्या इतिहासातही नाही. सानो यांच्या कामाचे मोल यामुळे कमी होत नाही. निंटेंडोच्या स्वतःच्या खेळांपुरते 'प्रथम' हे विधान खरेच आहे. फक्त ते तेवढ्यापुरतेच खरे आहे, आणि तसे लिहिले पाहिजे.

देशारोन २००८ मध्ये निवर्तले. त्यांचे खेळ निंटेंडोने पुन्हा प्रकाशित केलेले नाहीत. २०२० मध्ये सेथ फुल्करसन या चाहत्याने दोन्ही खेळ संगणकासाठी नव्याने बांधून विनामूल्य दिले आणि थोड्याच अवधीत मागे घेतले. फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे 'एकोज ऑफ विस्डम'च्या सात महिने आधी, त्यांचाच 'आर्झेट : द ज्वेल ऑफ फॅरामोर' हा स्वतंत्र खेळ बाजारात आला. त्याची बांधणी, चलतचित्रांची धाटणी आणि दुकानातली देवघेव सारी १९९३ च्या दोन खेळांवरून घेतलेली आहे. त्या खेळांत लिंक आणि झेल्डा यांना आवाज देणारे जेफ्री रॅथ आणि बॉनी जीन विल्बर त्यात पुन्हा बोलले आहेत, आणि पार्श्वभूमीची चित्रे काढणारे रॉब डनलेव्ही हेही त्यात आहेत. नायिका एक राजकन्या आहे. कायद्याने घेता येत नसल्यामुळे झेल्डा मालिकेतील एकही नाव त्यात आलेले नाही.